दार किती वेळ उघडं राहतं

पहाटे ५.५०
फाटकावरच्या वहीत नाव लिहिलं, सही केली. आदल्या रात्री इथल्या संशोधक विद्यार्थिनीचा निरोप आला होता : "ताई, सेंट लावून येऊ नका, उंदीर बिथरतात. आणि पोटभर खाऊन या." पुण्यातली ही संशोधन संस्था. दुसऱ्या मजल्यावर एकाच खोलीत उजेड आहे. ती साडेपाचलाच आलीये. पीएच.डी.चं चौथं वर्ष. फेलोशिप महिना ४२,००० रुपये, पहिली दोन वर्षं ३७,००० होती. खोलीभाडं ९,०००, मेस ३,८००, सांगोल्याला धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी ५,०००. फेलोशिप एकूण पाच वर्षं मिळते. तिची दीड उरली आहेत.

नाव छापू नका म्हणाली. मोजणीचे निकालही नाही. बाकी सगळं बघा, म्हणाली.

६.०५
तराजूवर मीठ. साधं सोडियम क्लोराइड. मग पोटॅशियम, फॉस्फेट, खाण्याचा सोडा म्हणतो ते बायकार्बोनेट, ग्लुकोज. प्रत्येक मिलिग्रॅममध्ये मोजायचं. दोन लिटर पाण्यात हे विरघळलं की मेंदूभोवती असतो तसा द्राव तयार होतो. त्यात सिलिंडरमधून वायू सोडायचा : ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. वायूचे बुडबुडे दहा-पंधरा मिनिटं चालू द्यायचे आणि मगच कॅल्शियम घालायचं. आधी घातलं तर सगळं दुधासारखं पांढरं होतं आणि फेकावं लागतं. पहिल्या वर्षी तिनं तीनदा फेकलंय.

फ्रीझरमधून दुसरी बाटली निघते. हिच्यात मिठाऐवजी साखर आहे. अर्धवट गोठलेली, जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यासारखी भुसभुशीत. मेंदू कापायचा तो याच्यात.

६.४०
टेबलाच्या वर भिंतीला कालनिर्णय टांगलेलं आहे. पेन्सिलीच्या खुणा आहेत. एका तारखेला लहान वर्तुळ, एकवीस दिवसांनी चौकोन, चौकोनाच्या दुसऱ्या दिवशी फुली.

ती समजावून सांगते. वर्तुळाच्या दिवशी मादी उंदराच्या कातडीखाली सिलिकॉनच्या नळीची बारीक कॅप्सूल बसवतात. आत प्रोजेस्टेरॉन. ते एकवीस दिवस झिरपत राहतं. चौकोनाच्या दिवशी कॅप्सूल काढून टाकतात. संप्रेरक एकदम खाली येतं. फुलीच्या दिवशी, म्हणजे बरोबर चोवीस तासांनी, मेंदूतल्या पेशी काय करतात ते बघायचं. बाईच्या शरीरात पाळीच्या तोंडावर आणि बाळंतपणानंतर प्रोजेस्टेरॉन असंच घसरतं.

फुली गुरुवारी येता कामा नये. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. जनरेटर लागेपर्यंतचे दहा सेकंद पुरतात सगळा दिवस घालवायला. म्हणून आधी फुली मारायची आणि उलटं मोजत वर्तुळापर्यंत यायचं. गणपती, दिवाळी, रेल्वेचं आरक्षण, सगळं त्यात बघायचं.

मी त्या खुणांकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. आमच्या घरी असंच एक कालनिर्णय होतं. माझ्या आत्याला फिट्स यायच्या. आजीला अक्षरओळख बेताची, पण तिनं वर्षभर खुणा केल्या होत्या. पाळीला गोल, झटक्याला फुली. फुल्या गोलांना चिकटून असायच्या. एक दिवस आधी, नाहीतर त्याच दिवशी. आजी ते कॅलेंडर गुंडाळी करून, पिशवीत घालून, एसटीनं डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी ते उलगडलंसुद्धा नाही. योगायोग आहे म्हणाले. गावात तर बाहेरचं आहे असंच बोलत.

हे मी तिला सांगितलं. ती मीठ मोजायची थांबली. म्हणाली, "ताई, आजींचा डेटा चांगला होता."

७.३०
प्राणिगृह. बूट काढून दुसरे घालायचे, डोक्याला टोपी, हातमोजे. इथले काका सकाळी सहाला येतात. कंत्राटी कामगार, हातात महिना सोळा हजार. शंभरावर पिंजरे. भुसा बदलायचा, बाटल्या उकळायच्या, दाणा मोजून घालायचा, तापमान लिहायचं. उजेड बारा तास, अंधार बारा तास. तो घड्याळावर चालतो, पण काका रोज डोळ्यांनी बघतात. एकदा दिवा रात्रभर जळत राहिला होता आणि सगळ्या माद्यांचं चक्र बिघडलं होतं. उंदराची पाळी चार-पाच दिवसांची असते. रक्तस्राव नसतो, चक्र असतं.

"मॅडम, अकरा नंबरची कालपासून कोपऱ्यात बसलीये," काका सांगतात. "हात लावला की दचकते."

ती फक्त मान हलवते. अकरा नंबरच्या कॅप्सूलमध्ये प्रोजेस्टेरॉन होतं की नुसतं तेल, हे तिला माहीत नाही. काकांनाही नाही. कॅप्सूल काल सकाळी नऊला तिच्या ज्युनिअरनं काढली. कोणत्या क्रमांकाला काय दिलं ती यादी गाईडच्या कपाटात आहे. सगळ्या नोंदी संपल्यावर कपाट उघडायचं. हवं ते दिसू लागतं म्हणून ही तजवीज.

काकांच्या वहीत ती सही करते. प्रत्येक जनावराचा हिशेब नैतिक समितीला द्यावा लागतो. किती मागितले, किती लागले, का लागले.

९.००
हा भाग ती मला बाहेरून बघायला सांगते. मी आतच थांबले.

आयसोफ्लुरेननं उंदीर निजतो. पंजा चिमटून बघतात, हालचाल नाही. मग लहान गिलोटिन. त्यानंतर बोलणं नाही. कात्री, चिमटा, बारीक चमचा. चाळीस सेकंदांत मेंदू त्या साखरेच्या बर्फात. मिनिटाच्या वर गेलं तर पेशी मरतात.

मेंदूचा तुकडा पातळ डिंकानं धातूच्या पट्टीला चिकटवायचा. डिंक म्हणजे फेविक्विक, पाच रुपयांची ट्यूब. कापायचं यंत्र परदेशी, लाखांतलं. त्यात बसवलेलं पातं मात्र दाढीचं. दुधारी, किराणा दुकानातलं. उभं मोडून अर्धं घ्यायचं, ॲसिटोननं तेल पुसायचं. पातं थरथरत पुढं सरकतं, इतकं हळू की सरकतंय हे कळत नाही. एक काप ०.३ मिलिमीटर जाड. तीन-चार केस एकावर एक ठेवले तर होईल एवढा. तळहातावर लोणी विरघळायला यावं तसा तो काप पाण्यात तरंगतो. त्यात कमानीसारखी एक गडद रेघ दिसते. हिप्पोकॅम्पस. आजचं काम त्या रेघेवर.

सहा काप निघाले. पाच बरे.

९.४५
काप ३४ अंशांच्या द्रावात अर्धा तास, मग खोलीच्या तापमानाला तासभर. बुडबुडे चालूच. कापले गेल्याचा धक्का ओसरावा लागतो. हा तिचा दीड तासाचा मोकळा वेळ. त्यात ती काचा ओढते.

काचेची नळी, दहा सेंटिमीटर. मध्यभागी तापलेली तार, दोन्ही बाजूंनी ओढ. नळी तुटते आणि दोन सुया होतात. टोकाचं भोक एक-दोन मायक्रॉनचं. आजच्या सुया आजच ओढायच्या, उद्या टोकावर धूळ बसते. वीस ओढल्या. चांदीची तार घरगुती ब्लीचमध्ये काळी होईपर्यंत बुडवून ठेवली.

हात चालू असताना मी विचारलं, हे सगळं सुरू कुठून झालं?

१९४१ साली मॉन्ट्रिअलला हान्स सेली यांना दिसलं, की उंदरांना प्रोजेस्टेरॉन टोचलं तर ते झोपी जातात. हे संप्रेरक म्हणजे गर्भाशयाचं औषध एवढंच तोवर माहीत. झोप का, ते बरीच वर्षं कळलं नाही. १९८४ मध्ये नील हॅरिसन आणि मायकेल सिमंड्स यांनी लंडनमध्ये दाखवलं, की अल्फॅक्सलोन हे भूल देणारं स्टेरॉइड गाबाच्या ग्राहीवर काम करतं. गाबा हे मेंदूतलं शांत करणारं रसायन. १९८६ मध्ये मारिया मायेव्स्का आणि सहकाऱ्यांनी पुढचं दाखवलं : शरीरातच प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे पदार्थही हेच करतात. त्यांतल्या एकाचं नाव ॲलोप्रेग्नॅनोलोन. दोन एन्झाइम्स, दोन पायऱ्या, आणि प्रोजेस्टेरॉनचं ॲलोप्रेग्नॅनोलोन होतं. मेंदूत होतं.

"ग्राही म्हणजे नक्की काय, ते सोपं करून सांग."

ती सुई खाली ठेवते. "आमचे वडील दारं धरायला जायचे रात्रीचे. पाटाला पाणी आलं की आमच्या पाळीला जेवढा वेळ दार उघडं, तेवढं पाणी वावरात. दार मोठं आहे का लहान, हा एक भाग. पण ते किती वेळ उघडं राहिलं, हा खरा हिशेब. ग्राही म्हणजे ते दार. गाबा येऊन बसला की उघडतं, क्लोराइड आत जातं, पेशी शांत होते. मग दार मिटतं. ॲलोप्रेग्नॅनोलोन असलं की ते उशिरा मिटतं. मी मिटायला लागणारा वेळ मोजते. बाकी काही नाही."

आमच्या भाषेत पाटाच्या पाण्यालाही पाळी आणि बाईलाही पाळी. हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

११.४०
रिग म्हणतात ते हे. हवेच्या गादीवर तरंगणारं दोनशे किलोंचं टेबल, वर सूक्ष्मदर्शक, भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा. खोलीतले ट्यूबलाइट बंद. जाळी नसेल तर भिंतीतल्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण पडद्यावर दिसते. इथं मोजायचा प्रवाह वीस-तीस पिकोअँपिअर. एका अँपिअरचे लाख कोटी भाग करायचे, त्यातले वीस-तीस.

ती एक काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. वरून द्राव वाहतो. त्यात तीन औषधं : दोन उत्तेजक संदेश बंद करायला, तिसरं टेट्रोडोटॉक्सिन. फुगू माशाचं विष. एका मिलिग्रॅमच्या कुपीला तिच्या अर्ध्या महिन्याच्या फेलोशिपहून जास्त पडतात. कुपी कुलपात, नोंद वहीत. माणसाला मारायला मिलिग्रॅमभर पुरू शकतं. ते घातलं की पेशींचा आपसातला गलका थांबतो. उरतात फक्त एकेका पुडीतून आपोआप सांडणारे गाबाचे थेंब.

१२.१०
सुईच्या मागे रबरी नळी. नळीचं टोक तिच्या तोंडात. ती हलकेच फुंकते, सुई पेशीवर टेकते, पेशीला खळी पडते. फुंकणं सोडते. मग ओठांनी जरासं ओढते. जेवढा घोट गरम चहाचा घेतो तेवढंही नाही. पडद्यावर आकडा चढायला लागतो. पाच मेगाओहम, पन्नास, तीनशे. हजाराच्या वर गेला म्हणजे सील बसलं. काच आणि पेशी एकजीव. एर्विन नेहर आणि बेर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये ही युक्ती काढली, १९८० मध्ये पक्कं सील जमवलं, १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आकडा चारशेवर अडकला. खाली आला. सेल, म्हणजे पेशी, गेला.

नवी सुई.

१.०५
दुसरा. सील बसलं, पण आत शिरताना फुटला. तिसरी सुई टोकाला मोडलेली निघाली. चौथी. ती मागे टेकत नाही, पाणी पीत नाही. मान वाकलेली. डावा हात एका चकतीवर, उजवा दुसऱ्या. चकती पाव वळसा फिरली तर सुई केसाच्या जाडीएवढीही सरकत नाही.

१.५०
"बसलं."

पुटपुटली एवढंच. मग एक छोटा घोट, आणि पेशीचा पडदा फाटला. आता सुई आणि पेशी आतून जोडलेल्या. पेशी उणे ७० मिलिव्होल्टवर धरली.

पडद्यावर सरळ रेघ. मग एक खाच. पुन्हा सरळ. दोन खाचा. प्रत्येक खाच म्हणजे एका जागी गाबाचा एक थेंब सांडला, काही डझन दारं उघडली आणि मिटली. खाली उतरणं एकदम, कडा कापल्यासारखी. वर येणं सावकाश, जिन्याच्या कठड्यासारखं तिरकं. ते वर येणं हाच तिचा प्रबंध. काही मिलिसेकंदांचा मामला. नोंद पंधरा मिनिटं चालू ठेवायची, काही शे खाचा जमवायच्या, सरासरी काढायची.

मी श्वास रोखून बसले होते. ती म्हणाली, "ताई, श्वास घ्या. टेबल तरंगतंय."

कॅप्सूल काढल्यावर काय होतं, ते शेरिल स्मिथ यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवलं. दार पाच भागांचं असतं. प्रोजेस्टेरॉन घसरलं की एका दिवसात पेशी एक भाग बदलते, अल्फा-४ नावाचा जास्त बनवते. त्या भागाचं दार लवकर मिटतं. म्हणजे दार धरून ठेवणारा हात तर गेलाच, वर दारही बदललं. आणखी एक. अशा दारावर डायझेपामसारख्या गोळ्यांची पकड बसत नाही. जनावर दचकू लागतं, झटका लवकर येतो.

चोवीस तास. आजीच्या कॅलेंडरवर गोल आणि फुलीत फार तर तेवढंच अंतर असायचं.

२.४५
डबा. जिन्यात बसून. मेसची पोळी, मटकी. ती सात मिनिटांत जेवली. प्रयोगशाळेत खायला मनाई आहे आणि कॅन्टीन लांब आहे. सांगोल्यात घरी काय सांगतेस, मी विचारलं. "सांगते, डोक्याच्या दवाखान्यात आहे," ती म्हणाली. आईनं एकदा विचारलं होतं, बाळंतपणानंतर तुझ्या मामीला झालं होतं ते का? तिनं हो म्हटलं. ॲलोप्रेग्नॅनोलोनच औषध म्हणून दिलं गेलं : अमेरिकेत २०१९ मध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मंजूर झालं, शिरेतून सलग ६० तास. २०२३ मध्ये त्याच जातीची गोळी आली, चौदा दिवसांची. मामीच्या वेळी यातलं काही नव्हतं. मामीला माहेरी पाठवलं होतं.

३.१०
दुसरा काप. आता द्रावात ॲलोप्रेग्नॅनोलोन सोडायचं, एका लिटरमध्ये काही दशांश मिलिग्रॅमहून कमी. चांगला सेल पहिल्याच सुईत मिळाला. दहा मिनिटं साधी नोंद, मग नळ वळवला. तीन मिनिटं काही नाही. मग खाचांची शेपटी लांबत जाते. आकडा न बघताही कळतं. मला, जिला यातलं काही येत नाही, मलाही दिसलं. उंची तेवढीच, ओसरणं लांबलं.

स्टेरॉइड तेलकट असतं. नळ्यांना चिकटतं, पाण्यानं जात नाही. एकदा सोडलं की तो काप फेकायचा आणि सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुवायच्या. वीस मिनिटं. एका मोजणीसाठी एक काप, हा हिशेब. पाचातले आता तीन उरले.

४.३५
शेजारच्या इमारतीत ड्रिल सुरू झालं. टेबल तरंगतं, तरी सुई थरथरते. सील बसलेलं सुटलं. ती खाली गेली, मुकादमाशी बोलली. तो म्हणाला, सहाला मजूर सुटतात. त्यांचीही रोजंदारी आहे, ती कुठल्या तोंडानं थांबवणार. वर येऊन तिनं सुया ओढल्या. काकांना फोन करून उद्याचा पिंजरा नीट सांगितला.

६.१०
ड्रिल बंद. काप आता नऊ तासांचे. जुन्या कापात पेशी फुगतात, कडा गोल दिसतात, सील बसत नाही. शेवटच्या कापात ती अर्धा तास नुसती शोधत राहिली. एक मिळाली. सील बसलं, आत शिरली, नोंद सुरू. बाराव्या मिनिटाला सुईच्या टोकाची वाट तुंबली, रोध वीस टक्क्यांच्या वर चढला. नियम तिनंच ठरवलाय : वीसच्या वर गेलं की नोंद बाद. खाचा सुंदर होत्या. तिनं बाद लिहिलं.

शेवटी गॅबाझीन सोडलं. ते गाबाची दारं बंद करतं. खाचा एकेक करून नाहीशा झाल्या आणि रेघ सरळ झाली. म्हणजे बघत होतो ते गाबाचंच होतं.

७.००
धुणं. नळ्या, चंचुपात्रं, पातं काचेच्या डब्यात, सुया वेगळ्या. सिलिंडरचा दाब वहीत. हातमोजे पिवळ्या पिशवीत. अर्धा तास ती फक्त धूत होती. पाठ भिंतीला टेकवून दोनदा उभी राहिली.

७.४०
वही. उंदीर ११. काप सहा, वापरले पाच. सुया सतरा. सील सात. नोंदी तीन, पैकी बाद एक.

म्हणजे दोन पेशी. प्रत्येक गटात पंधरा लागतात, गट चार.

"आज लवकर मिटत होतं का दार?" मी विचारलं. तिनं वही मिटली. "कपाट उघडल्यावर सांगीन."

८.०५
निघताना ती कालनिर्णयापाशी थांबली. आजच्या फुलीभोवती रेघ मारली. मग म्हणाली, आजींनी केलं ते आज डॉक्टर स्वतः सांगतात करायला. पाळीभोवती वाढणाऱ्या झटक्यांची नोंद लंडनच्या गॉवर्सनी १८८१ मध्येच केली होती. बोस्टनच्या अँड्र्यू हर्झोग यांनी १९९७ मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले. प्रोजेस्टेरॉन देऊन बघितलं, त्याचा निकाल २०१२ मध्ये आला. सरसकट सगळ्यांना उपयोग झाला नाही. ज्यांचे झटके पाळीभोवती ठळक वाढत होते त्यांच्यात दिसला. आणि त्या कोण, हे तारखांवरूनच कळतं.

आत्या आता नाही. ते कॅलेंडर आजीनं रद्दीत घातलं.

तुमच्या घरात कुणाला फिट्स येत असतील आणि ती बाई असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्ही तारखा लिहा. पाळीची आणि झटक्याची. किमान तीन महिने. चालू गोळ्या मनानं थांबवू नका. ते कॅलेंडर घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या टेबलावर उलगडून ठेवा.